एकही बांगडी न फोडता

जुबेदाआपांनी माझा हात हातात घेतला तेव्हा मला फक्त हिरव्या बांगड्या हव्या होत्या. मावसबहिणीचं लग्न होतं, आणि चंद्रपूरच्या गोल बाजारातल्या एका गल्लीत, कापडाच्या दोन दुकानांमध्ये अंग चोरून बसलेल्या त्यांच्या दुकानात मी कुणीतरी सांगितलं म्हणून शिरले होते. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाइकाचे गुडघे आपांच्या गुडघ्यांना लागत. त्यांनी माझी बोटं एकत्र आवळली, अंगठा तळव्यात दाबला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हात कायले इतका कडक ठेवला, मॅडम? कोनावर राग आहे?"

राग होता. मी तेव्हा एका संस्थेत स्वयंसेवक जमवण्याची नोकरी करत होते. म्हणजे इतरांनी फुकट काम करावं यासाठी मला पगार मिळे. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावांतून, इकडे गोंडपिपरीच्या बाजूने, माणसं आजारी पडून शहरातल्या मोठ्या इस्पितळात येत. काहींना गोंडीखेरीज दुसरी भाषा नीट येत नसे. कुठल्या खिडकीवर चिठ्ठी करायची, रक्त कुठे तपासायचं, लघवीला कुठे जायचं, इथपासून अडे. एकटी बाई लेकरू घेऊन आली असेल तर ती तहानलेली बसून राही, कारण लेकरू कुणाजवळ ठेवून पाणी आणायला जाणार? अशा माणसांजवळ कुणीतरी बसावं, एवढंच आमचं काम होतं. सांगायला सोपं, पण बसायला कुणी मिळत नव्हतं.

कॉलेजची मुलं प्रमाणपत्र मिळेपर्यंत येत. मी स्वतः ऊर्जानगरच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या क्वार्टरांत वाढलेली, म्हणून ओळखीच्या काकू-मावश्यांना गळ घातली. त्या कंपनीच्या बसमधून सफरचंदं घेऊन आल्या, फोटो काढले, एकीला औषधांच्या वासाने मळमळलं आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्याच घरी पाहुणे आले. त्या दिवशी सकाळी तर ठरलेलं कुणीच उगवलं नव्हतं. हे सगळं मी बांगडीवालीपाशी भडाभडा बोलून टाकलं.

"नुसतं बसाचं?" आपांनी विचारलं.

"नुसतं बसायचं."

"मंग त्याले शिकेल पोट्टे कायले पायजेत? माह्या गिऱ्हाईक बाया दिवसभर बसूनच तं राह्यतात." बांगडी माझ्या बोटांच्या पेरांवर येऊन अडली होती. आपा तिथेच थांबल्या. "मी आणतो तुले बाया. पण टोपी नाई घालनार, ते छातीवरचं बिल्ला-बिल्ला काई नाई. बोल, हो का नाई?"

हात अर्धा बांगडीत अडकलेला. पुढेही जाईना, मागेही येईना. मी हो म्हणाले आणि बांगडी सरकन मनगटावर उतरली.

नंतर कळलं की त्यांनी प्रत्येकीला असंच धरलं होतं. बाई बांगड्या भरायला बसली की आपा तिच्या घरचं विचारत, सासूचं गुडघेदुखीचं ऐकून घेत, आणि बांगडी नेमकी पेरांवर आली की म्हणत, "शुक्रवारी दुपारी काय करतं तू?" त्या अवस्थेत खोटं बोलणं अवघड असतं. महिनाभरात शिवणकाम करणारी, शाळेत खिचडी शिजवणारी, एक पोलिसाची बायको, आपांच्याच मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी, अशा बाया वॉर्डात येऊ लागल्या. आणि टिकल्या. मी संस्थेत स्वयंसेवकांची मुलाखत घ्यायचे, त्यात "आपली बलस्थाने कोणती" असा प्रश्न होता. आपा हातावरून ठरवत. बांगडी पेरांवर यायच्या आधीच जी 'आई गं' करते ती त्यांच्या मते कामाची नाही. जी दुखलं तरी बोलता बोलता सोसून घेते, ती चालेल. हे शास्त्र अगदी बिनचूक होतं असं मात्र नाही. एकदा त्यांनी पारखून आणलेल्या बाईने हर्नियाच्या पेशंटला आपल्या दिराच्या हर्नियाची गोष्ट इतक्या तपशिलात सांगितली की तो माणूस सलाईन काढून घरी जायला निघाला. आपा हसून हसून लाल झाल्या. म्हणाल्या, "हात चांगला होता जी तिचा. तोंडाचं मले काय मालूम!"

आपा उंचीने कमी, रंगाने गोऱ्या, डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा घुग्घुसला खाणीत पाळीवर; तो मोटरसायकलवरून धुळीने माखून येई आणि आई दुकानात नाही, इस्पितळात आहे हे कळलं की तसाच तिथे येऊन पायरीवर डबा खाई. सून तरुण, हुशार, आणि सासूच्या या नव्या छंदावर नाराज. "घरी माही कंबर दुखते तवा कोनी बसत नाई," असं ती माझ्यादेखतच म्हणाली होती. आपांनी ते ऐकलं, आणि त्या शुक्रवारी वॉर्डात न येता सुनेजवळ बसल्या. मला फोन करून सांगितलंही, "आज माही ड्यूटी घरी आहे."

वॉर्डातली त्यांची रीत ठरलेली होती. पेशंटजवळ जाऊन आजाराबद्दल विचारायचं नाही. "बिमारीचं डॉक्टर इचारते. आपुन घरचं इचाराचं." गाव कोणतं, शेळ्या कोणाजवळ ठेवल्या, कोंबड्या झाकल्या का, धान केवढं झालं. बाई बोलू लागली की मग हळूच कळायचं की ती काल सकाळपासून उपाशी आहे, किंवा गोळ्या पदरात बांधून ठेवल्या आहेत, कारण त्या जेवणाआधी की नंतर हे विचारायची तिला लाज वाटली. गोंडीतले चार शब्द आपांनी उचलले होते. 'येर' म्हणजे पाणी, हा त्यांतला पहिला. त्याचा उच्चार त्या इतका खणखणीत करत की पेशंट आधी दचके, मग हसे.

संस्थेने त्यांचा सत्कार केला. शाल आणि फ्रेममधलं मानपत्र. शाल दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर ऊन अडवायला टांगलेली दिसली. मानपत्राच्या काचेवर त्या गिऱ्हाइकाला बांगड्या पसरून दाखवत. "काच चांगली आहे, रंग खुलून दिसते," म्हणाल्या. मला राग यायला हवा होता, पण मी त्या काचेवरून राणी रंगाच्या बांगड्या पसंत केल्या.

बांगड्या काढण्याचा प्रसंग आला तो गोंडपिपरीकडच्या एका बाईमुळे. तिचं ऑपरेशन ठरलं होतं आणि सिस्टरने रीतीप्रमाणे हातातलं सगळं काढायला सांगितलं. बाईच्या दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या, भरून कितीतरी दिवस झालेले, हात आता त्यांत मावेनासा झालेला. फोडाव्या लागतील म्हटल्यावर ती ओक्साबोक्शी रडायला लागली. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. तो तिकडे आणि इथे हातातल्या बांगड्या फोडायच्या? तिचं म्हणणं आम्हां सगळ्यांना समजत होतं. आपांच्या दुकानात तर 'फुटली' हा शब्दच चालत नसे. चुकून बांगडी तडकली की त्या 'वाढली' म्हणत, आणि गिऱ्हाइकाकडूनही तेच म्हणवून घेत.

आपांनी साबण मागवला, खोबरेल मागवलं, औषधाच्या दुकानातली पातळ प्लास्टिकची पिशवी बाईच्या हातावर चढवली. मग तेच शेळ्यांचं विचारणं सुरू झालं. बाई उत्तरं देत राहिली आणि एकेक बांगडी पिशवीवरून अशी घसरत आली की तिला कळलंही नाही. सगळ्या बांगड्या आपांनी रुमालात बांधल्या आणि ऑपरेशननंतर तिच्या उशाशी ठेवल्या. त्या दिवसापासून वॉर्डात कुठल्याही बाईच्या हातातली बांगडी अडली की सिस्टर म्हणत, "आपाले बोलवा." आणि आपा दुकान सुनेवर टाकून येत.

आमच्या सरांना, म्हणजे संस्थेच्या संचालकांना, ही गोष्ट फार आवडली. त्यांनी ती देणगीदारांना सांगितली, त्यांनाही आवडली. आपांच्या हातांचा फोटो काढून आम्ही पोस्टर केलं: त्यांचे सुरकुतलेले हात, त्यांत एका आदिवासी बाईचा हात, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'एकही बांगडी न फोडता'. ही ओळ माझी. वॉर्डाच्या भिंतीवर ते लागलं तेव्हा आपा बराच वेळ त्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. "खरं आहे," एवढंच म्हणाल्या, पण चालताना मान जरा ताठ होती. तो अभिमान आम्ही त्यांना दिला होता, आणि तो देताना मला फार बरं वाटलं होतं. आज तेच आठवलं की बरं वाटत नाही.

जैवंताबाई आली ती रोवणीच्या दिवसांत. वैनगंगेच्या पलीकडचं गाव. चिखलात बसून धानाचे परे, म्हणजे लावणीची रोपं, उपटताना उजव्या हाताला परड चावलेली. परड म्हणजे घोणस. गावातून ट्रॅक्टरवर, मग गाडीत, असं करत तिला आणेपर्यंत हात पार कोपरापर्यंत फुगला होता. सोबत म्हातारा सासरा, तो बाहेर भिंतीला टेकून बसला होता. नवरा हैदराबादकडे बांधकामावर, आणि काही दिवसांपासून त्याचा फोन लागत नव्हता. डाव्या हाताला सुई लावून औषध सुरू झालं. डॉक्टरांनी उजवा हात पाहिला. मनगटावर हिरव्या काचेच्या बांगड्या मांसात रुतत चालल्या होत्या. "फोडा या," ते सिस्टरला म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटकडे धावले.

जैवंताने हात छातीशी घट्ट धरला. ती ओरडली नाही, फक्त मान हलवत राहिली आणि गोंडीत तेच तेच म्हणत राहिली. त्यातलं नवऱ्याचं नाव तेवढं आम्हांला कळलं. आपा तिथेच होत्या. शुक्रवार होता.

"सिस्टर, थांबा ना जी. दोन मिनिटं. माह्या हातानं आजवर एक नाई वाढली."

सिस्टर थांबली. ती का थांबली हे मला चांगलं माहीत आहे. समोर भिंतीवर पोस्टर होतं.

साबण आला, पिशवी आली. आपांनी जैवंताला शेळ्यांचं विचारलं, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. पहिल्या बांगड्या आल्या. मग एक अडली. आपा थांबल्या, तेल लावलं, हात वर धरला, पुन्हा ओढलं. जैवंताचे डोळे पांढरे होत होते, तरी ती 'सोडा' म्हणेना. उलट डाव्या हाताची सुई सांभाळत आपांना खुणावत होती, काढा, काढा. मिनिटं गेली. किती गेली ते नंतर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. हात आपांच्या हातात असतानाच आणखी फुगत होता आणि बोटं काळी-निळी दिसायला लागली होती. शेवटची बांगडी निघाली तेव्हा आपांच्या कपाळावरून घाम टपकत होता. त्यांनी बांगड्या मोजल्याही नाहीत, रुमालात गुंडाळल्या आणि जमिनीवर बसल्या. एकही फुटली नव्हती.

जैवंता वाचली. हात मात्र बिघडत गेला. कातडी काळी पडली, पू झाला, आणि शेवटी मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं अशी दोन बोटं काढावी लागली. उरलेली आखडली. आपा त्या सगळ्या दिवसांत तिच्याजवळ होत्या. शुक्रवारच काय, रोज. तिला भरवायच्या, वेणी घालायच्या, रमजानचा महिना असल्यासारख्या स्वतः दिवसभर काही खायच्या नाहीत. एकदा त्यांनी डॉक्टरांना जिन्यात गाठलं. मी सोबत होते.

"डॉक्टरसाहेब, बांगड्या तवाच फोडल्या असत्या तं बोटं राह्यली असती का?"

डॉक्टर भले माणूस होते. म्हणाले, "आपा, परडीचं विष तसंच असतं. ती यायलाही उशीर झाला होता. बांगड्यांमुळे झालं असं काही सांगता येत नाही."

"सांगता येत नाई म्हंजे नाई, असं तं नाई ना?"

डॉक्टरांनी खाली बघितलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं, पण ते बोलले नाहीत. मी मात्र जिना उतरताना आपांना दहा तऱ्हांनी समजावलं. आपा ऐकत होत्या, आणि मला कळत होतं की मी त्यांच्यापेक्षा स्वतःलाच जास्त समजावते आहे.

दरम्यान जैवंताच्या नवऱ्याचा फोन लागला होता. त्याचा मोबाइल पाण्यात पडला होता, बस्स, इतकंच. तो आला, बायकोच्या उशाशी रुमालातल्या अख्ख्या बांगड्या पाहिल्या आणि आपांच्या पाया पडला. आपा अशा झटकन मागे सरकल्या की त्यांचं डोकं खिडकीच्या गजाला लागलं.

जैवंता घरी गेली आणि आपांनी इस्पितळात येणं बंद केलं. मी दुकानात गेले. गल्ल्यावर सून बसली होती आणि गिऱ्हाइकाचा हातही तिनेच धरला होता. आपा मागे, खोक्यांच्या आड, रंगांप्रमाणे बांगड्या लावत होत्या.

"आता मी हात नाई धरत," त्या म्हणाल्या. "सून धरते. चांगली धरते."

"आपा, वॉर्डात बाया तुमचं विचारतात."

"मी गेलो नाई तं त्याही जानार नाई. मालूम आहे मले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मले शिक्षा दे म्हून मी कोनाले म्हनू, मॅडम? ते डॉक्टर सांगत नाई. तिचा नवरा पाया पडते. तू चहा पाजते. मी कुठी जाऊ?"

आणि खरंच, बाया गळायला लागल्या होत्या. सरांनी बैठक घेतली, 'स्वयंसेवकांची गळती' असा विषय फळ्यावर लिहिला. चहाबरोबर चर्चा झाली. कुणी म्हणालं येण्याजाण्याचा खर्च द्यावा, कुणी म्हणालं सहल काढावी. माझ्या तोंडून जैवंताचं नाव निघालं तेव्हा सर म्हणाले, तो वैद्यकीय विषय आहे, त्यात आपण पडू नये. मी वहीत 'सहल' असं लिहून घेतलं.

मग थंडीत एक दिवस आपा अचानक वॉर्डात आल्या. हातात पिशवी. त्यांनी आधी मला भिंतीजवळ नेलं. "हे काढ." मी पोस्टर काढलं. कोपऱ्यांचा रंग निघून आला, तिथे भिंतीला अजूनही डाग असतील. सर माझ्यावर रागावले, आणि त्यांच्या रागाने मला बरंच हलकं वाटलं. मग आपांनी उरल्यासुरल्या बायांना आणि सिस्टरला गोळा केलं आणि पिशवी पलंगावर उलटी केली. आत हातात घालायची उघडमिटीची कडी होती, पितळेची, स्वस्तातली, कुठल्याही मनगटावर दाबून बसवता येतील अशी. उजव्या हातात अडचण असेल तर डाव्या, डाव्यात असेल तर उजव्या, दोन्हीत असेल तर पायात घाला, असं त्यांनी करून दाखवलं.

"पह्यले हे घाला. हात रिकामा ठेवू नका. तिले सांगा, बाई, तू सुन्या अंगाची नाई, भरल्या अंगाची आहे. मंग बांगड्या फोडा."

'फोडा' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मोहल्ल्यातल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

"हो, फोडा. रडली तरी फोडा. दोन मिनिटं कोनी मांगतली तरी देऊ नका. मी मांगतली तरी देऊ नका. फोडून झाल्यावर तिच्यापाशी बसा. आपलं काम बसाचं आहे. बांगड्या वाचवाचं नाई."

सिस्टरने कडं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "किती सोपं आहे हो, आपा." चांगल्या मनानेच म्हणाली ती. आपांचा चेहरा मात्र एकदम उतरला.

"सोपंच आहे," त्या म्हणाल्या. "दुकानात पेटी भरून पडली होती. त्या दिवशी काऊन नाई सुचलं, ते इचारून राह्यलो मी स्वतःले. मले सोपं नोतं पायजे सिस्टर. मले माही वाहवा पायजे होती."

सिस्टरने कडं हळूच पलंगावर परत ठेवलं. मला तेव्हा सांगता आलं असतं, की ती वाहवा तुम्ही मागितली नव्हती, आम्ही छापून भिंतीला लावली. ते मी पुढे एकदा त्यांना सांगितलंही. "तू लावली, मी खाल्ली," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

काम पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा बरं सुरू झालं. आता पुरुषही येऊ लागले. आपांचा मुलगा घुग्घुसहून रात्रपाळी करून येताना वॉर्डात तासभर बसे. इस्पितळाने ती कडी स्वतःच मागवायला सुरुवात केली. पण बाया आता बांगडीत हात अडकवून आणलेल्या नव्हत्या. आपा दाराशी उभ्या राहून प्रत्येक नवीनला आधी जैवंताची गोष्ट सांगत. स्वतःला वाचवून नव्हे. काही जणी ती ऐकून परत जात, आणि आपा त्यांना जाऊ देत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मोहाच्या दिवसांत. नोकरी सोडून मी नागपूरला चालले होते, आणि जाण्याआधी गावांतून निरोप घेत हिंडत होते. जैवंताच्या गावात पोचले तेव्हा नुकतं फटफटलं होतं. सगळं गाव जंगलात गेलं होतं, मोह वेचायला. वाघाच्या भीतीने ते घोळक्याने जातात, एकमेकांना हाका मारत वेचतात. जैवंताचा सासरा मला तिकडे घेऊन गेला. झाडाखाली पाचोळा झाडून ठेवलेला, त्यावर पिवळी-पांढरी फुलं, आणि वाकून वेचणाऱ्या बायांत एक डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली.

आपा! मी हाक मारली तेव्हा त्या सरळ झाल्या, कमरेवर हात ठेवून. मुळीच दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "आली का तू. सांभाळून, फुलावर पाय देऊ नको."

सून दुकान बघत होती. आपा मोहाच्या हंगामात इथे येऊन राहत होत्या, जैवंताच्या ओसरीवर निजत होत्या. गेल्या वर्षीही आल्या होत्या. कुणाला सांगितलं नव्हतं. "हे लिहू नको कुठी," मला म्हणाल्या. मी तेव्हा नाही लिहिलं.

जैवंता डाव्या हाताने वेचत होती आणि आपांच्या कितीतरी पुढे होती. आपांना वेचणं जमतच नव्हतं. पाठ दुखे, फुलांबरोबर पाला येई. बाया त्यांची थट्टा करत, आणि आपा 'येर, येर' म्हणून पाणी मागत तेव्हा सगळं रान हसे. जैवंताने मला ओळखलं. माझ्याजवळ येऊन आपांकडे बोट दाखवत ती तुटक मराठीत म्हणाली, "या बाईनं माह्या बांगड्या वाचवल्या जी. म्हून माहा घरवाला जिता आहे." आणि तिने तिच्या डाव्या हातातल्या त्याच हिरव्या बांगड्या मला वाजवून दाखवल्या.

ती पुढे गेल्यावर मी आपांना हळूच विचारलं, "तुम्ही तिला कधी सांगितलं नाही?"

"सांगलं ना. मागच्या साली सांगलं, यंदा आल्याबरोबर सांगलं. तिच्या घरवाल्याले बसवून सांगलं, का तुह्या बायकोची बोटं माह्यानं गेली. ते दोघं हासते." आपांनी टोपली पायाने पुढे सरकवली. "माफ कराले आधी राग तं आला पायजे, मॅडम. तिले रागच येत नाई. मंग मी माफी कोनाले मांगू?"

तेवढ्यात जैवंता परत आली. तिने आपांच्या टोपलीत वाकून पाहिलं, जेमतेम तळ झाकला होता, आणि तोंडाने चच् केलं. मग आपली भरलेली टोपली मांडीशी घेऊन बसली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून फुलं आपांच्या टोपलीत घालू लागली. ओंजळ नीट होत नव्हती. उजव्या हातात जिथे बोटं नव्हती तिथून फुलं खाली गळत होती. जैवंताचं तिकडे लक्षही नव्हतं, ती माझ्याशी बोलत होती, तिच्या शेळीला दोन पिल्लं झाली होती. आपा गुडघ्यांवर बसल्या आणि गळलेलं एकेक फूल वेचून जैवंताच्या टोपलीत परत टाकत राहिल्या.